गाडी त्याच्या हातात, फोन आपल्या हातात



आजचा विषय स्वयंपाकघराबाहेरचा आहे. पण खरं सांगायचं तर तो सुरू स्वयंपाकघरातूनच होतो. "कुठवर आलात? कुकर लावू का?" हा फोन आपणच करतो ना? पलीकडचा माणूस त्या वेळी गाडी चालवत असेल, त्याच्यासमोर ट्रक असेल, पाठीमागून बस येत असेल, हे आपल्या डोक्यातही येत नाही. वरण गार होऊ नये एवढाच आपला हेतू असतो. हेतू चांगलाच असतो. पण चांगल्या हेतूनं केलेल्या फोननं काय होऊ शकतं, ते मी एकदा अगदी जवळून पाहिलं. तेव्हापासून या विषयावर माझं मत पक्कं झालंय आणि ते आज मांडते.

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही दोघं मुलाकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो. त्यानं नऊ दिवसांसाठी एक आरव्ही भाड्यानं घेतली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते: ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं छोटं घरच असतं ते. आत गॅसची शेगडी, फ्रिज, बेसिन, जेवायचं टेबल, दोन-तीन पलंग, संडास-बाथरूम सगळं. आमच्यासारख्यांना ही गाडी म्हणजे वरदानच. बाहेर कुठं काय खायचं, त्यात कांदा-लसूण आहे का, अंडं आहे का, हा प्रश्नच मिटला. रोज सूर्यास्ताच्या आत गरम खिचडी नाहीतर भाकरी-पिठलं. पहिल्या दिवशी तर मला वाटलं, तीर्थयात्रेला अशी गाडी आपल्याकडे पण पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बार्स्टोहून लास वेगासच्या दिशेनं निघालो. मोजावे वाळवंटातून जाणारा तो रस्ता सरळसोट. दोन्ही बाजूंना खुरटी झुडपं आणि तपकिरी डोंगर. मुलगा चालवत होता, मी शेजारी. सूनबाई आणि दोघी नाती मागं टेबलाशी पट्टे बांधून बसलेल्या. आमचे हे मागच्या सीटवर डुलक्या घेत होते.

नऊच्या सुमाराला माझ्या जाऊबाईंचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सांगलीत रात्रीचे साडेनऊ. पुतणीचा साखरपुडा नुकताच आटोपला होता आणि सगळे हॉलमध्ये जमले होते. "वहिनी, दाखवा की सगळ्यांना," म्हणत त्यांनी एकेकाचा चेहरा दाखवायला सुरुवात केली. मी हरखून गेले. आणि काय केलं? फोन सरळ मुलाच्या तोंडासमोर धरला. "बघ रे, काकानं फेटा कसा बांधलाय!"

त्यानं बघितलं. आईनं समोर धरलेलं कोण बघणार नाही?

किती वेळ बघितलं असेल? दोन सेकंद, फार तर तीन. तेवढ्यात गाडीखालून "गर्रर्र" असा मोठा आवाज आला. रस्त्याच्या कडेला मुद्दाम खाचा पाडलेल्या असतात, चाक त्यावर गेलं की असा आवाज येतो. मुलानं दचकून स्टिअरिंग वळवलं. एवढी उंच गाडी होडीसारखी डोलली. शेजारच्या लेनमधल्या ट्रकनं लांबलचक हॉर्न दिला. मागं कपाट उघडून स्टीलचा डबा खाली आदळला आणि टेबलावर उभा ठेवलेला टॅबलेट घसरून धाकट्या नातीच्या गुडघ्यावर पडला.

झालं एवढंच. गुडघ्याला थोडी सूज. बाकी कुणाला काही नाही.

मुलगा एक शब्द बोलला नाही. पुढच्या फाट्याला गाडी बाहेर घेतली आणि बेकर नावाच्या छोट्या गावात थांबवली. तिथं १३४ फूट उंचीचं एक थर्मामीटर उभं आहे. जवळच्या डेथ व्हॅलीत १९१३ साली १३४ अंश फॅरनहाइट तापमान नोंदलं गेलं, त्याची आठवण म्हणून. नाती ते बघायला उतरल्या. मी गाडीतच बसले. माझे हात थरथरत होते. मुलगा म्हणाला, "आई, चूक माझी आहे. मी बघायलाच नको होतं."

पोलीस असता तर त्यानंही हेच म्हटलं असतं. दंड मुलाला झाला असता, मला नाही. कायदा गाडी चालवणाऱ्याला धरतो. पण मैत्रिणींनो, आपल्या धर्मात हिशेब एवढ्यावर थांबत नाही. आपण लहानपणापासून ऐकतो: कृत, कारित, अनुमोदना. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि होत असताना मान डोलावणं. तिन्हींचा बंध आहे. त्या दिवशी बघणारे डोळे मुलाचे होते, पण बघायला लावणारा हात माझा होता.

म्हणून माझं आजचं म्हणणं हे: गाडी चालवताना फोन वापरू नका, हे आपण ड्रायव्हरला सांगून मोकळे होतो. ते अर्धंच झालं. उरलेलं अर्धं आपल्यासाठी आहे, शेजारी बसणाऱ्यांसाठी, मागं बसणाऱ्यांसाठी आणि घरी बसून फोन करणाऱ्यांसाठी.

घर वाटतं, पण गाडीच असते

आरव्हीत ही चूक जास्त सहज होते, कारण ती घरासारखी वाटते. कारमध्ये आपण आखडून बसतो, प्रवासात आहोत याचं भान असतं. आरव्हीत पडदे असतात, गालिचा असतो, भांडी असतात. घरात जसं "हे बघ, ते बघ" चालतं तसंच इथं चालू होतं. आमच्या गाडीत मोजले तर चार फोन, दोन टॅबलेट, एक लॅपटॉप, एक ब्लूटूथ स्पीकर, मागचं दाखवणारा कॅमेरा, गाडीचा स्वतःचा स्क्रीन आणि एक टीव्ही. अकरा उपकरणं, सहा माणसं आणि चालवणारा एकच!

आणि गाडी केवढी? पंचवीस फूट लांब, सामान आणि पाणी भरल्यावर पाच-सहा टनांची. ब्रेक दाबला की कारसारखी जागच्या जागी थांबत नाही. बाजूनं वारा आला की ढकलली जाते. लेनमध्ये दोन्ही बाजूंना उरलेली जागा थोडी. कारमध्ये जी चूक खपून जाते ती इथं खपत नाही.

अमेरिकेत वाहतूक सुरक्षेचं काम बघणारी जी सरकारी संस्था आहे, ती एक साधा हिशेब सांगते. ताशी ५५ मैल वेगानं जाताना मेसेज वाचायला पाच सेकंद नजर खाली गेली, तर तेवढ्यात गाडी त्यांच्या फुटबॉलच्या मैदानाची लांबी ओलांडून जाते. ५५ मैल म्हणजे आपले साधारण ८८ किलोमीटर. पाच सेकंदांत १२० मीटरच्या वर. एवढं अंतर डोळे मिटून चालवल्यासारखं. याच संस्थेच्या आकड्यांनुसार चालवणाऱ्याचं लक्ष विचलित झाल्यामुळे घडलेल्या अपघातांत २०२२ साली अमेरिकेत ३,३०८ माणसं गेली.

आपल्या साधूंची ईर्यासमिती आठवा. पुढची चार हात जमीन बघून पाऊल टाकायचं. चालताना बोलायचं नाही, इकडेतिकडे बघायचं नाही. पायी चालणाऱ्याला चार हात. मग ताशी नव्वदनं जाणाऱ्याला किती हात बघावे लागतील? ज्याच्या पायाखाली मुंगी येईल तो जर इतका जपतो, तर ज्याच्या चाकाखाली माणूस येऊ शकतो त्यानं किती जपायला हवं?

हात मोकळे, पण मन?

मुलाच्या एका मित्राला हा प्रसंग सांगितला तर तो म्हणाला, "काकू, तुम्ही फोन समोर धरलात म्हणून झालं. स्पीकरवर बोललं की काही होत नाही. हँड्सफ्री कायद्यानं चालतं."

कायद्यानं चालतं हे खरं. कॅलिफोर्नियात २०१७ पासून फोन हातात धरून वापरता येत नाही. तो स्टँडला लावलेला हवा आणि एका स्पर्शात किंवा एकदाच बोट सरकवून होईल तेवढंच काम करायचं. आम्ही ज्या नेवाडा, युटा आणि ॲरिझोना राज्यांतून गेलो तिथंही फोन हातात धरण्यावर बंधनं आहेत. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. हातात फोन धरून चालवणं हे धोकादायक चालवणं ठरतं आणि पहिल्याच वेळी एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमात फक्त रस्ता बघण्यापुरती सूट आहे, तीही चालवणाऱ्याचं लक्ष ढळणार नाही अशा बेतानं.

पण कायदा हातापर्यंत पोचतो, मनापर्यंत पोचत नाही. युटा विद्यापीठातले डेव्हिड स्ट्रेअर नावाचे मानसशास्त्रज्ञ यावर बरीच वर्षं काम करतात. २०१५ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की गाडीला नुसती तोंडी आज्ञा दिली, अमक्याला फोन लाव, गाणं बदल, तरी काही गाड्यांच्या बाबतीत ते काम संपल्यावरही मन पूर्णपणे रस्त्यावर परत यायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो. हात स्टिअरिंगवर, डोळे समोर, तरी माणूस तिथं नाही! सामायिकाला बसल्यावर आपलं नाही का होत? हातात माळ, ओठांवर णमोकार आणि मन दुधाच्या पातेल्यापाशी.

"मग शेजारी बसलेल्यानं बोललं तर चालतं आणि फोनवर बोललेलं का चालत नाही?" असं आमच्या ह्यांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. शेजारी बसलेल्या माणसाला रस्ता दिसतो. समोर ट्रक आडवा आला की तो आपोआप गप्प होतो, उलट "जपून" म्हणतो. फोनवरच्या माणसाला काहीच दिसत नाही. तो भाजीचे भाव सांगत राहतो, नाहीतर भांडत राहतो. आणि घरचं भांडण कानात घेऊन घाट उतरणाऱ्या माणसाला हँड्सफ्रीचा काय उपयोग?

उपकरणं वाईट नाहीत

आता कुणी म्हणेल, काकू, मग सगळं फेकून द्यायचं का? मुळीच नाही. मागचा कॅमेरा नसता तर एवढं धूड कॅम्पग्राउंडमध्ये मागं घेताना कुणाच्या तरी खुर्चीवर चढलं असतं. नकाशा नसता तर आम्ही अजून वाळवंटात फिरत असतो. आणि माझी आई सांगलीला एकटी असते. तिला काही झालं तर फोन लागलाच पाहिजे, ही माझी पण गरज आहे.

माझं म्हणणं एवढंच, की उपकरणाला एक मालक हवा आणि तो चालवणारा नको. बेकरला थांबलो तेव्हा आम्ही ठरवलं: जो शेजारी बसेल तो "फोनवाला". मुलाचा फोनही त्याच्याकडे. नकाशा तो लावणार, फोन तो उचलणार, मेसेज तो वाचणार आणि त्यातलं चालवणाऱ्याच्या कामाचं असेल तेवढंच सांगणार. "पुढे दोन मैलांवर उजवीकडे बाहेर पडायचंय" हे सांगायचं. "काकांनी फोटो पाठवलेत" हे नाही सांगायचं.

नकाशाचंच बघा. फोनमधला नेहमीचा नकाशा आपण कारमध्ये आहोत असं धरून चालतो. आपण बारा फूट उंच घर घेऊन निघालोय हे त्याला माहीत नसतं. झायन नॅशनल पार्कमधून पूर्वेला जाताना एक मैलाहून लांब बोगदा लागतो. १९३० साली, त्या काळातल्या छोट्या मोटारींच्या हिशेबानं खोदलेला. ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच गाडीला त्यातून आपल्या लेननं जाताच येत नाही. आम्ही गेलो तेव्हा १५ डॉलर भरून परवाना घ्यावा लागला. तेव्हा पार्कचे लोक समोरची वाहतूक थांबवायचे आणि मग मोठी गाडी बोगद्याच्या मधून जायची. हे नियम बदलत असतात, म्हणून निघण्याआधी पार्कच्या साइटवर बघून घ्यायचं. फोनमधल्या नकाशानं यातलं काही सांगितलं नव्हतं. सूनबाईनं आदल्या रात्री बसून वाचलं होतं म्हणून कळलं. आरव्हीसाठी वेगळे नकाशे मिळतात, त्यात गाडीची उंची-लांबी-वजन भरता येतं. लांब जाणार असाल तर तेच घ्यावेत.

डेथ व्हॅलीच्या पार्कवाल्यांनी तर स्पष्टच लिहून ठेवलंय, की गाडीतल्या नकाशावर विसंबू नका, कागदी नकाशा जवळ ठेवा. तिथं फोनला रेंज नसते आणि उन्हानं फोन तापला की स्वतःच बंद पडतो. आमचाही काचेजवळ लावलेला फोन एका दुपारी असा बंद पडला. नेमकं तेव्हाच वळण होतं. मुलगा गडबडला नाही, कारण माझ्या मांडीवर कागदी नकाशा होता आणि पुढचं वळण मी आधीच सांगून ठेवलं होतं. चौथी पास झालेल्या नातवंडालाही नकाशा वाचता येतो हो! आपल्याला का येणार नाही?

आणखी एक. आपल्या पाच समितींत आदान-निक्षेपण समिती आहे: वस्तू उचलताना आणि ठेवताना जपणं. ती साधूंसाठी म्हणून आपण सोडून देतो. पण त्या टॅबलेटनं मला ती नव्यानं शिकवली. गाडी नव्वदच्या वेगानं चाललीय म्हणजे टेबलावरचा लॅपटॉपही नव्वदनंच चाललाय. गाडी थांबली तरी तो थांबत नाही, समोरच्याच्या डोक्यात जाऊन बसतो. चार्जरची वायर ड्रायव्हरच्या पायापाशी लोंबत असेल तर ती पेडलमध्ये अडकते. खाली पडलेला फोन ब्रेकखाली जाऊन बसला तर काय होईल, विचार करा. पाण्याच्या बाटलीनं असं झाल्याचं आपण ऐकलेलं आहे. त्या दिवसानंतर निघण्याआधी मी रोज एक फेरी मारायचे, जसं रात्री झोपताना गॅस बंद आहे का बघतो तसं. टॅबलेट ड्रॉवरमध्ये, लॅपटॉप पलंगाखालच्या खणात, वायरी गुंडाळून, टीव्ही बंद, कपाटांच्या कड्या लावलेल्या. दोन मिनिटांचं काम.

एका आजींनी केलं ते

हे सगळं अमेरिकेतलं झालं. पण माझ्या मनाला जास्त लागून राहिलेली गोष्ट इथली आहे आणि ती मी आजवर लिहिली नव्हती.

२०१८ साली श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकाला आम्ही सतरा जण टेम्पो ट्रॅव्हलर करून गेलो होतो. परतीच्या वाटेवर दुपारी माझं लक्ष गेलं, तर ड्रायव्हरनं स्टिअरिंगच्या शेजारी फोन उभा केलेला आणि त्यावर सिनेमा चालू. एक डोळा रस्त्यावर, एक सिनेमात. मी ह्यांना कोपरानं ढोसलं. ह्यांनी बघितलं आणि खिडकीबाहेर बघू लागले. इतरांनाही दिसत होतं. कुणी डोळे मिटून जप करत होतं, कुणी शेंगा खात होतं. सगळ्यांच्या मनात एकच: आपण कशाला बोलायचं, तो चिडला तर? ती आमची अनुमोदना. सतरा जणांची.

शेवटी मागच्या सीटवरच्या एका आजी उठल्या. पंचाहत्तरीच्या असतील. सीट धरत धरत पुढे आल्या आणि म्हणाल्या, "बाळा, जरा बाजूला घे गाडी. मला पाय मोकळे करायचेत. तूही चहा घे, तुझा पिक्चर बघून होऊ दे. मग निघू सावकाश. आम्हाला घाई नाही."

तो ओशाळला. गाडी थांबवली. चहा पिताना कळलं, की पहाटे चारपासून तो चालवत होता आणि आदल्या रात्री त्याला तीन तासांचीच झोप मिळाली होती. झोप येऊ नये म्हणून त्यानं सिनेमा लावला होता. आणि एवढी घाई का होती? कारण आम्हीच त्याला सांगितलं होतं: वाटेत आणखी एक क्षेत्र करायचंय आणि सूर्यास्ताच्या आत जेवायला पोचायचंय!

मैत्रिणींनो, हे लिहिताना मला लाज वाटते. रात्रिभोजन त्याग आपण जीवदयेसाठी पाळतो. आणि ते पाळण्यासाठी एका अर्धवट झोपलेल्या माणसाला शंभरच्या वेगानं पळवतो! ज्या व्रताच्या मुळाशी अहिंसा आहे त्याच व्रतासाठी आपण सतरा जीव आणि रस्त्यावरचे अगणित जीव पणाला लावले. व्रतात काही चूक नव्हती. चूक आमच्या वेळापत्रकात होती. चार वाजता रस्त्याच्या कडेला झाडाखाली थांबून दशम्या आणि शेंगाची चटणी खाल्ली असती तर व्रतही राहिलं असतं आणि माणूसही.

शास्त्रात हिंसेचं मूळ प्रमादात सांगितलंय, म्हणजे बेसावधपणात. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाचा उल्लेख आधी येतो, प्राण घेण्याचा नंतर. मला याचा अर्थ असा लागतो, की त्या दिवशी अपघात झाला नाही म्हणून आम्ही सुटलो असं नाही. बेसावधपणा घडला तेव्हाच चूक घडली होती.

आणि रस्त्यावर कोण कोण असतं! पहाटे विहार करणारे आपले मुनिमहाराज, माताजी, साध्वीजी याच हमरस्त्यांच्या कडेनं पायी चाललेल्या असतात. विहारात गाडीनं धडक दिल्याच्या बातम्या आल्या की आपण हळहळतो, निवेदनं देतो, संरक्षण मागतो. ते मागायलाच हवं. पण त्या गाड्यांतल्या एखाद्या चालकाच्या कानाशी कुणाच्या तरी घरचा "कुठवर आलात?" असा फोन असेल, हा विचार आपण कधी केलाय का? २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, हा केंद्र सरकारचा आकडा आहे. एवढ्या घरांत कुणीतरी जेवायला थांबलं होतं.

आमच्या घरातले नियम

आता आमच्याकडे पुढचे नियम आहेत. आरव्ही असो, कार असो, की समृद्धीवरून नागपूरपर्यंतचे ७०१ किलोमीटर असोत, तेच.

१. निघण्याआधी नकाशा लावायचा, तो फोनमध्ये उतरवून ठेवायचा आणि मोठी वळणं कागदावर लिहायची. गाडी चालू झाल्यावर पत्ता टाइप करायचा नाही. बदलायचाच असेल तर शेजारच्यानं, नाहीतर थांबून.

२. चालवणाऱ्याचा फोन शेजारी बसणाऱ्याकडे. एकटाच असेल तर फोन मागच्या सीटवर, आवाज बंद करून. गाडी चालवताना आलेल्या फोनला आपोआप उत्तर जाईल अशी सोय बहुतेक फोनमध्ये असते, ती चालू करायची.

३. शेजारी बसणारा झोपणार नाही. झोप आली तर जागा बदलायची. चालवणाऱ्याला झोप आली तर गाडी थांबवायची. गाणी, सिनेमा, फोनवर गप्पा हे झोपेवरचं औषध नाही.

४. चालवणाऱ्याला काहीही दाखवायचं नाही. नातीचं चित्र नाही, साखरपुडा नाही, खिडकीबाहेरचं हरीणसुद्धा नाही. फोटो काढून ठेवायचा, थांबल्यावर दाखवायचा.

५. टॅबलेट, लॅपटॉप, पॉवर बँक खणात. मुलांना काही बघायचंच असेल तर हेडफोन लावून आणि स्क्रीन चालवणाऱ्याला दिसणार नाही असा. समोर दिसेल असा व्हिडिओ चालवायला कॅलिफोर्नियात कायद्यानंच मनाई आहे.

६. दर दोन तासांनी दहा मिनिटं थांबायचं. सगळे फोन, मेसेज, घरी कळवणं त्या दहा मिनिटांत.

७. आणि हा नियम घरी राहणाऱ्यांसाठी: प्रवासातल्या माणसाला आपण फोन करायचा नाही. तो थांबला की तो करेल. तोपर्यंत उत्तर आलं नाही तर घाबरायचं नाही. उत्तर आलं नाही याचा अर्थ तो नीट चालवतोय.

८. भाड्याची गाडी असेल तर ठरवतानाच चालकाला सांगायचं: रोज अमुक तासच चालवायचं, त्याची झोपायची सोय आम्ही बघू, आणि गाडी चालू असताना फोन नको. पैसे देताना जसे आपण बोलतो तसं हेही बोलायचं.

सातवा नियम पाळणं सगळ्यांत कठीण, हे कबूल करते. फोन नव्हते तेव्हा माझी सासू मामंजी कुंथलगिरीहून येईपर्यंत दारात दिवा लावून बसायची. कधी येतील ते कळायचं नाही. तिलाही काळजी होतीच, पण तिची काळजी मामंजींच्या कानात वाजत नव्हती. आपली काळजी आता दर अर्ध्या तासाला वाजते आणि तिला आपण प्रेम म्हणतो.

गेल्या महिन्यात आमचे हे धाकट्या दिरांबरोबर कुंथलगिरीला गेले होते. संध्याकाळी परत यायचे होते. पाच वाजले, साडेपाच वाजले. माझा हात तीनदा फोनकडे गेला. शेवटी फोन पूजेच्या खोलीत ठेवला आणि भाजी निवडायला बसले. सहाला फोन वाजला. "टेंभुर्णीला थांबलोय. डब्यातलं जेवून घेतलं दोघांनी. आता सावकाश येतो, तू जेवून घे."

मी जेवून घेतलं. कुकर लावायची गरजच पडली नाही.

तुमच्या घरात असा काही नियम असेल तर मला जरूर सांगा. आणि हा लेख आपल्या माणसांना पाठवा, पण ती गाडी चालवत नाहीत ना, एवढं बघून मगच.

जय जिनेंद्र.